वरची लिफ्ट बंद

हे गेले त्या सकाळी मी ह्यांच्या नावाने बर्फाचा अंदाज पाठवला.

तेव्हा हे जाऊन वीस मिनिटं झाली होती. आज वर्ष झालं, म्हणून सांगून टाकते.

आमचे हे, म्हणजे सुधाकर, हवामानाच्या नोकरीतून रिटायर झाले आणि काश्मीरच्या एका स्की रिसॉर्टने त्यांना धरलं. रोज सकाळी आठच्या आत मेसेज. आज बर्फ किती, वारा कसा, डोंगरावरची लिफ्ट चालू ठेवायची की बंद.

आणि हे सगळं डोंबिवली ईस्टला, दुसऱ्या मजल्यावर, बनियनवर बसून.

शेजारचे जोशी म्हणायचे, "वहिनी, आमच्या फ्रीजमध्ये बर्फ धड होत नाही, विचारा जरा साहेबांना."

मी हसायचे. पण नोव्हेंबर ते मार्च आमच्या घराला कुलूप लागलेलं असायचं. आतून.

लग्न नाही, ट्रिप नाही. भाचीच्या लग्नाला कसेबसे गेलो, तर हे मांडवामागे मोबाइल घेऊन उभे, आणि फोटोत मी एकटी. मी भांडायचे. "अहो, तुम्ही नाही सांगितलंत तरी बर्फ पडणारच आहे."

"पडू दे की," हे म्हणायचे. "खाली माणसं असतात, शुभा."

मग शुगरने डोळे गेले. आधी एक, मग दुसराही अर्धा.

नौपाड्यातले डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत यायची नाही. खरं सांगू? रिक्षात बसल्यावर मला वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं. वाटलं, सुटलो आता.

घरी आल्यावर ह्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "तू वाच."

तीन वर्षं वाचलं.

"वरचा वारा?"

"नैऋत्य. पंचेचाळीस."

"काल?"

"पश्चिम. तीस."

"तापमान?"

एकदा कुकरच्या शिट्टीकडे लक्ष होतं, मी उणे म्हणायचं विसरले. नुसतं "अकरा" म्हटलं. हे शांतपणे म्हणाले, "अकराला बर्फ पडायला लागला तर कल्याणलाही पडेल. नीट वाच."

आकडे मी सांगायचे, अंदाज ह्यांचा. टाइप मी करायचे, खाली नाव ह्यांचं.

आणि हे कोणालाच सांगायचं नाही. अगदी अमेयला, आमच्या मुलालाही नाही. "दिसत नाही हे कळलं तर काढून टाकतील," हे म्हणायचे. ते काम गेलं असतं तर हे खचले असते, एवढं मला कळत होतं. म्हणून मी गप्प बसले.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत भावाचा कुडाळहून फोन आला. "ताई, आई आजारी आहे. ये."

ह्यांना एकटं टाकून जाता येईना आणि का येत नाही ते सांगता येईना. भावाला वाटलं, हिला यायचंच नाही. मार्चअखेर काम संपल्यावर मी गेले. आई होती, पण मला ओळखत नव्हती.

ह्याबद्दल मी ह्यांना माफ केलेलं नाही. आजही नाही.

मागच्या वर्षी आजच्याच तारखेला सकाळी छातीत कळ आली. हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. अमेय पुण्याहून निघाला होता, मी बाकावर एकटी.

पर्समध्ये ह्यांचा फोन वाजला. तिथले लिफ्ट सांभाळणारे फारूखभाई. मेसेज होता, "साहब, ऊपर की लिफ्ट? टूरिस्ट लाइन में खड़े हैं।"

मी फोन उलटा ठेवला. मग पुन्हा सरळ केला.

आदल्या संध्याकाळी हे म्हणाले होते, उद्या सकाळी वारा नैऋत्येला फिरला असेल तर बंद. मी मोबाइलवर वाऱ्याचा नकाशा उघडला. फिरला होता. ह्यांना वाटलं होतं त्यापेक्षा जोरात.

लिहिलं, "ऊपर बंद। दोपहर से भारी बर्फ।" खाली ह्यांचं नाव.

नंतर कळलं, बारानंतर वर हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं. लिफ्ट रिकामी होती.

दहा दिवस मी तसेच मेसेज पाठवले. आल्यागेल्यांना वाटायचं, सांत्वनाचे मेसेज वाचतेय बिचारी.

अकराव्या दिवशी मी फारूखभाईंना फोन केला आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचंही. म्हटलं, ओरडतील, काढून टाकतील, आणि एकदाची मोकळी होईन.

त्यांनी आधी एवढंच विचारलं.

"तीन साल आप पढ़ती थीं?"

"हां. अंदाजा उनका था."

"और ये दस दिन का?"

"मेरा."

मग म्हणाले, "एक भी गलत नहीं था, दीदी। कल का भेज दीजिए।"

नाही म्हणायचं ठरवूनच फोन केला होता. दुसऱ्या दिवशीचा पाठवला. त्याच्या पुढचाही.

आज भटजी दहाला यायचे होते. त्याआधी वारा बघितला, मेसेज पाठवला, मग ह्यांच्या फोटोला हार घातला. अमेय म्हणतो, "आई, बंद कर ना आता. तुला कोणी बांधून ठेवलंय का?"

त्याचं उत्तर ह्यांनाच देते.

अहो, तुम्ही होतात तोवर मी तुमच्यासाठी अडकले होते. आता तसं नाही. मला हे काम येतं, म्हणून सोडवत नाही.

तीन वर्षं रोज सकाळी शेजारी बसून ऐकत होतात. तुम्हाला ते कळलं नसेल, असं मला वाटत नाही.

एकदा तसं म्हणायचं होतंत.

तुमच्या आठवणीला नमस्कार करते, रागासकट.

शुभांगी