साचेवाल्यांचा कुत्रा

साचेवाल्यांचे कान गेलेत हे सात वर्षं कुणालाच कळलं नव्हतं. त्यांची हुशारी म्हणा, नाहीतर लबाडी. बत्तीस वर्षं कापड गिरणीत चार-चार साचे, म्हणजे माग, एकट्याने चालवलेला माणूस. तिथल्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नसे, म्हणून सगळं बोलणं हातांनी. पंजा दाखवला की थांब, मूठ छातीशी ओढली की इकडे ये. लांबच्या माणसाला बोलवायचं तर साच्यावरचा दिवा दोनदा लावायचा-विझवायचा. अर्धे कान त्या खडखडाटाने खाल्ले, उरलेले घरी बसल्यावर गेले.

पण बहिरा म्हणवून घ्यायची भारी लाज. मग त्यांनी दोन शब्द हाताशी धरले. बाहेरच्या कुणी काही विचारलं की 'चालेल', बायकोने विचारलं की 'बघू'. दोन-तीन वर्षं बाईंनी तोंड दुखेपर्यंत विचारलं, मग त्याही गप्प झाल्या. ताट वाढायचं, ताट उचलायचं, एवढाच काय तो संसार उरला. घर खायला उठलं तेव्हा साचेवाल्यांनी कुत्रा आणायचं काढलं. त्यावर बाई काय म्हणाल्या ते त्यांना ऐकू आलं नाही, आणि विचारायची सोय नव्हती.

बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात एका पांढऱ्या कुत्र्यापुढे ते उकिडवे बसले आणि सवयीने मूठ छातीशी ओढली. कुत्रा उठून जाळीपाशी आला. झालं, ठरलं. निवाऱ्यातल्या बाईंच्या तोंडावर मास्क, त्यामुळे ओठ बघून अंदाज बांधायचीही पंचाईत. त्या बराच वेळ समजावत होत्या. हे तीनदा 'चालेल' म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. कुत्रा न्यायला आलो तर रडायचं काय कारण, असं मनाशी म्हणत त्यांनी सही ठोकली.

तीन दिवस झकास गेले. साचेवाले हातांनी बोलायचे, जेवायला बोलवताना दिवा दोनदा लावायचे, आणि कुत्रा एका इशाऱ्यावर हजर. चौथ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी खिळ्यासकट खाली आली. पातेली, डबे, झाकण्या, सगळं. खालच्या मजल्यावरची शेजारीण धावत वर आली. बाहेरच्या खोलीत साचेवाले पेपर वाचत होते, पायाशी कुत्रा पसरला होता. दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही.

साचेवाल्यांच्या बाई स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या. मग त्यांनी कुत्र्याच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. मग नवऱ्याच्या. मग आत जाऊन निवाऱ्यात फोन केला. तिथून कळलं की कुत्रा जन्माचा बहिरा आहे, दोन घरांनी तो परत केलाय आणि जमणार नसेल तर रविवारपर्यंत आणून सोडा, मात्र तिसऱ्यांदा परत आलेल्याला पुढे कुणी नेत नाही. काकांना हे सगळं सांगितलं होतं, ते चालेल म्हणाले.

बाई येऊन नवऱ्यासमोर बसल्या.

"कुत्रा बहिरा आहे," त्या म्हणाल्या.

हे त्यांनी ओठांवरून ओळखलं. "कुणी सांगितलं?"

"तुम्हालाच सांगितलं होतं. तीनदा. जमणार नसेल तर रविवारपर्यंत परत आणून सोडा म्हणतात."

'बघू' अगदी जिभेवर आलं होतं. पण बघू म्हटलं तर कुत्रा रविवारी परत जाणार, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी ते गिळलं.

"मलाही ऐकू येत नाही," ते म्हणाले. "सात वर्षं झाली."

बाईंना रडू आणि राग एकदमच आला. "सात वर्षं मला वाटत होतं, मी तुम्हाला नकोशी झालेय." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि भांडी उचलायला लागल्या. आदळआपट चालली असणार, पण ती ऐकायला घरात होतं कोण.

साचेवाल्यांना स्वतःची मनस्वी लाज वाटली. सात वर्षं या बाईला आपण एकटं ठेवलं, आणि ते कशासाठी, तर चारचौघांनी बहिरा म्हणू नये म्हणून. आता कुत्र्यासाठी रदबदली करायला कोणत्या तोंडाने जायचं? त्यांनी खुंटीवरचा कुत्र्याचा पट्टा काढून मांडीवर घेतला. रविवारची वाट तरी कशाला बघा, सकाळीच सोडून यावं. अंधार पडला तरी ते तसेच बसले होते. कुत्रा आपला पायावर हनुवटी टेकून निवांत.

खोलीतला दिवा लागला, विझला. पुन्हा लागला.

दोघांनी एकदमच मान वर केली. बटणापाशी बाई उभ्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांनी मूठ छातीशी ओढली, जराशी वेडीवाकडी, चार दिवस लांबून बघून शिकलेली. कुत्रा उठला. साचेवालेही उठले, पट्टा हातात घेऊन मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

बाई शेगडीकडे तोंड करून काहीतरी म्हणाल्या. मग थबकल्या, वळून नवऱ्याकडे तोंड केलं, आणि तेच सावकाश पुन्हा म्हणाल्या.

"अहो, तो पट्टा खुंटीला लावून या."