मॅडमचे मान झटकणारे उंदीर

उंदीर असो की प्राचार्य, कुणी मान हलवली की मॅडम पहिलं विचारायच्या, "किती वेळा?"

त्याला कारण होतं. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या एका औषधशास्त्राच्या कॉलेजात मी प्रयोगशाळेत कामाला होतो आणि मॅडम तिथं शिकवता शिकवता पीएच.डी. करत होत्या. विषय चारचौघांत सांगायची चोरी: भास घडवणारं औषध मेंदूत नेमकं कुठं जाऊन बसतं? उद्या मनाच्या आजारावर याचा उपयोग होईल, असं त्या ठामपणे सांगायच्या. त्यांच्या शेजारणी मात्र म्हणायच्या, "ही बाई उंदरांना गांजा पाजते."

मी मनमाडहून अप-डाऊन करायचो, म्हणून मला त्यांनी गाडीच्या भाषेत समजावलं. "भाऊसाहेब, मेंदूत सेरोटोनिन नावाच्या रसायनाची राखीव जागा असते. हे औषध तिथं घुसतं, की उंदीर मान झटकतो. आपण आधीच दुसऱ्या औषधाचा रुमाल टाकून जागा धरली, तर हे बसेल कुठं?"

"उभं राहील, मॅडम."

"मग मान हलणार नाही. तेवढंच सिद्ध करायचंय."

रुमाल म्हणजे भूक वाढवायची गोळी, आया किडकिडीत पोरांना देतात तीच. झटके मोजायचं काम माझं. गोळी कुणाला दिलीय ते मला कळू नये म्हणून मॅडम पिंजऱ्यांवर नुसते नंबर टाकायच्या. पण गोळीवाले उंदीर आठवड्यात असे गरगरीत झाले, की आंधळ्यानंही ओळखले असते. मग मी माणुसकी दाखवली. जाड्यानं बारा-पंधरा वेळा मान झटकली, तरी वहीत चार-पाचच लिहायचो. मॅडमचा चेहरा काय खुलायचा म्हणता!

भासाचं औषध परवान्यावर चिमूटभरच मिळालं होतं. त्याचा शेवटचा डोस दिला त्या दिवशी मॅडम माझ्या शेजारी बसून स्वतः मोजायला लागल्या.

"भाऊसाहेब, हा जाड्या झटकतोय की."

"खाज आली असेल, मॅडम."

"चौदा वेळा?"

मी सगळं कबूल केलं. "तुमची डिग्री व्हावी म्हणून केलं हो."

त्या आधी पोट धरून हसल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी खरं लिहिलं असतंत, तर गोळी वाढवून पाहिली असती. आता औषध कुठून आणू?"

औषध पुन्हा मिळालं नाही. पीएच.डी. राहिली ती राहिलीच. माझी नोकरी जाणार असं मी धरून चाललो होतो, पण त्या कुणाजवळ चकार शब्द बोलल्या नाहीत. उलट दुपारचा चहा दोघांचा मागवत राहिल्या.

निवृत्तीआधीच मॅडम वारल्या. त्यांचं कपाट रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं, त्यात ती वही निघाली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, "सर्व आकडे बाद. मोजणी माझी." खाली सही.

मला फार लाज वाटली. मी पेन काढलं, 'माझी' खोडलं आणि तिथं माझं पूर्ण नाव लिहिलं. त्या वहीत मी खरं लिहिलेलं एवढंच.