घड्याळजींच्या जड पापण्या

बाजाराने घड्याळजींना 'डुलकी' हे नाव ठेवलं ते काही दुष्टपणाने नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहून दोन मिनिटं बोलायचं आणि मग वाकून हळूच विचारायचं, "ऐकताय ना?" घड्याळजी ऐकतच असायचे. त्यांच्या कानाला घड्याळाच्या पोटातलं दुखणंसुद्धा ऐकू यायचं. पण पापण्याच साथ देत नव्हत्या, त्याला काय करणार? साठी उलटली आणि दोन्ही पापण्या अर्ध्यावर अडकलेल्या शटरसारख्या खाली आल्या. उजवी अंमळ जास्तच. चाळीस वर्षं भुवई आणि गालाच्या मध्ये भिंग दाबून धरलेलं, हात दोन्ही कामात. तिथलं कातडं बिचारं किती दिवस तग धरणार?

शेजारच्या सलूनवाल्याच्या जिभेला हाड नव्हतं. "या दुकानात घड्याळं जागी असतात आणि मालक झोपलेला," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. घड्याळजी हसून सोडून द्यायचे. टोमण्यावर चिडणाऱ्याला बाजारात दुसरा टोमणा फुकट मिळतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

खरं दुखणं वेगळंच होतं, आणि ते सलूनवाल्यालाही माहीत नव्हतं, यावरून ते किती खोल असेल ते ओळखा. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. एकुलती लेक दूरच्या शहरात नोकरीला. ती दर रविवारी संध्याकाळी सहाला फोन करायची, तोंड दिसणारा. पहिली पाच मिनिटं बाबांची औषधं, पुढची पाच तिचं ऑफिस. मग ती स्क्रीनजवळ येऊन म्हणायची, "बाबा, झोप आलीय तुम्हाला. चला, ठेवते."

"नाही गं बाळा, चांगला जागा आहे मी."

"दिसतंय ना मला. डोळे मिटताहेत तुमचे. पडा आता."

आणि फोन बंद. घड्याळजी टक्क जागे, आणि समोर अख्खी संध्याकाळ.

आठवडाभर त्यांनी काही ना काही सांगायला राखून ठेवलेलं असायचं. मध्ये एक बाई बंद पडलेलं घड्याळ घेऊन आली आणि म्हणाली, चालू करू नका, फक्त काच बदलून द्या. का, ते घड्याळजींनी विचारलं नाही, पण लेकीला सांगायचं होतं. तीन रविवार ती गोष्ट पोटातच राहिली.

जन्मभर सुटे भाग बदलणारा माणूस. कुठला भाग बिघडलाय ते शोधायचं आणि तेवढाच दुरुस्त करायचा, बाकीच्याला हात लावायचा नाही, हे त्यांचं शास्त्र. त्या शास्त्रानुसार निकाल लागला: दोष पापण्यांचा. पापण्या उचलल्या की फोन लांबणार. सलूनवाल्याला 'सुटे भाग बघायला चाललोय' असं सांगून त्यांनी दुपारी दुकान बंद केलं. अगदीच खोटं होतं असंही म्हणता येणार नाही.

डोळ्यांची डॉक्टर लेकीच्याच वयाची निघाली.

"त्रास काय होतो, काका?"

"लोकांना वाटतं, मी झोपलोय."

"कुठल्या लोकांना?"

"गिऱ्हाइकांना," घड्याळजी म्हणाले आणि नजर खाली गेली. त्यांची नजर खाली गेलेली कळायला तज्ज्ञच लागतो म्हणा.

डॉक्टरने बोटाने पापण्या उचलून पाहिल्या, वर किती दिसतं, कडेला किती दिसतं ते तपासलं. मग खालच्या पापण्यांत कागदाची एकेक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवून ठेवलं. पट्टी जेमतेम टोकाला भिजली.

"अश्रू कमी आहेत तुमचे."

"वापरून संपले असतील."

डॉक्टर हसली नाही. खुर्ची जवळ ओढून तिने एकेक करून सांगितलं. पापणी डोळ्याच्या बाहुलीवर आलेली नाही, म्हणजे दिसण्यात काही अडत नाही. ऑपरेशन करायचं तर ते फक्त रूपासाठी. जास्तीचं कातडं कापून टाके घालायचे. दोन आठवडे सूज आणि काळंनिळं. कातडं थोडं जास्त निघालं तर झोपेतही डोळा पुरता मिटत नाही. डोळे आधीच कोरडे, ते आणखी कोरडे होतील, खुपतील. एक पापणी वर आणि एक खाली, असंही राहू शकतं. "आणि फार क्वचित, हजारोंत एखाद्याला, डोळ्याच्या मागे रक्त साचतं. वेळीच लक्षात आलं नाही तर नजर जाते."

"दोन्हींची?"

"एकाची गेली तरी चालेल का, काका?"

घड्याळजींनी मनातल्या मनात उजवा डोळा बाजूला काढून ठेवला. भिंगाचा तो.

"म्हणून घरात जवळचं माणूस हवं," डॉक्टर म्हणाली. "पहिली रात्र तर हवंच. औषध घालायला, लक्ष ठेवायला. आठवडाभर राहिलं तर उत्तम." आणि तिने एक फॉर्म पुढे केला. त्यात 'सोबत राहणाऱ्या व्यक्तीचे नाव' आणि पुढे 'नाते' असे दोन रकाने होते.

आता माणसाचं डोकं कसं चालतं बघा. इतकं सगळं ऐकून घड्याळजी बाहेर पडले ते 'नजर जाते' विसरून. डोक्यात घोळत राहिलं ते 'आठवडाभर'. नात्याच्या रकान्यात त्यांनी तिथल्या तिथे 'मुलगी' लिहून टाकलं होतं, ठळक, दोनदा गिरवून.

घरी येऊन त्यांनी लेकीच्या खोलीतला गेलेला दिवा बदलला. गादीला ऊन दाखवलं. कपाटातला एक खण रिकामा केला. एका पारड्यात डोळा होता आणि दुसऱ्यात सात दिवस, आणि पारडं कुठे कललं ते सांगायची गरज नाही.

रविवारी सहाला त्यांनी सगळं सांगितलं. रक्त साचण्याचा भाग तर चांगलं तिखटमीठ लावून.

"बाबा, हे काय नवीन खूळ काढलंत?"

"डॉक्टर म्हणतात, घरात माणूस हवं. आठवडाभर."

"हवंच," लेक म्हणाली. घड्याळजी फोनच्या आणखी जवळ सरकले. "एक मिनिट हं."

ती बाजूच्या कॉम्प्युटरवर काहीतरी बडवू लागली. मग चेहरा उजळला. "मिळाली. शिकलेली बाई आहे, चोवीस तास राहते, डोळ्यांच्या पेशंटची सवय आहे तिला. मी इथूनच सगळं ठरवते. तुम्ही फक्त तारीख सांगा."

"बाई कशाला गं? मला वाटलं..."

"मला आत्ता सुट्टी मिळायची नाही हो. आणि मला रक्त बघवत नाही, माहितीय ना तुम्हाला? मी येऊन तुमच्या आधी आडवी होईन. तिला सवय असते."

"खरंय," घड्याळजी म्हणाले. "सवय महत्त्वाची."

मग लेक प्रश्न विचारत राहिली. टाके कधी काढतात, थेंब किती वेळा घालायचे, ही डॉक्टर नवी आहे की अनुभवी. फोन संपला तेव्हा घड्याळजींनी सवयीने भिंतीकडे पाहिलं. एकेचाळीस मिनिटं झाली होती. आणि झोपेचं नाव तिने एकदाही काढलं नव्हतं.

सोमवारी त्यांनी दवाखान्यात फोन करून ऑपरेशन रद्द केलं. लेकीला मात्र त्यातलं अक्षर सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी तिने विचारलं, "तारीख मिळाली?"

"एक शंका आहे गं. दोन्ही डोळे एकदम करावेत की एकेक?"

झालं. तिला वाचायला आठवडाभराचा विषय मिळाला आणि यांना अडतीस मिनिटं. त्यानंतरच्या रविवारी टाक्यांचे व्रण. पुढे रक्त पातळ करणारी गोळी, जी घड्याळजी घेतात. त्याच ओघात एकदा काच बदलून नेणाऱ्या बाईची गोष्टही सांगून झाली.

"हं," लेक म्हणाली. "मग ती गोळी किती दिवस आधी बंद करायची म्हणाल्या डॉक्टर?"

पाचव्या आठवड्यात धोके संपले. शुक्रवारी घड्याळजी पुन्हा डॉक्टरसमोर जाऊन बसले.

"आणखी काही धोके असले तर हवे होते."

"काका, तुम्ही तर रद्द केलंत ना?"

"केलंय की. करायचंच नाहीये मला."

"मग धोके कशाला हवेत?"

"रविवारी लेक विचारते."

डॉक्टरने हातातला पेन खाली ठेवला. बाहेर बाकावर चार पेशंट ताटकळत होते, त्यातलं कोणीतरी खोकलं. तिने एकवार दाराकडे पाहिलं.

"भुलीबद्दल सांगितलंत तिला?"

"नाही."

"बरं, लिहून घ्या. भूल द्यायची म्हणजे..."

"सावकाश," घड्याळजी खिशातला कागद मांडीवर पसरत म्हणाले. "आणि सगळे एकदम नकोत. एका रविवारी एकच पुरतो."