घोंगडी टाकून धरलेली जागा

नव्वदीच्या दशकात बारामतीच्या एमआयडीसीत मी एका दूध प्रकल्पात नोकरीला होतो. तिथं दूध पावडरीचं नवं यंत्र यायचं होतं. ते शिकून यायला दोन माणसं हॉलंडला पाठवायचं ठरलं. पुस्तकं इंग्रजीत होती, म्हणून प्रयोगशाळेतून मला निवडलं. जुनं यंत्र बिघडलं की नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारे एकच होते, म्हणून तात्यांना निवडलं.

माझे वडील भवानीनगरच्या साखर कारखान्यात हंगामी कामाला होते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. तात्या कळस गावचे, सातवी शिकलेले, माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. नोकरीच्या पहिल्या वर्षी गरम पाइपाजवळ उभं कसं राहायचं, इथपासून सगळं त्यांनीच मला शिकवलं. मला ते 'ग्रॅज्युएट' म्हणत. त्यात निम्मं कौतुक असे आणि निम्मा टोमणा.

निघायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी मला जेवायला कळसला नेलं. त्यांचे वडील, म्हणजे आबा, ओसरीत बसले होते. या घराची एके काळी दोनशे मेंढरं होती. कालव्याचं पाणी आलं, रानात ऊस आला, तशी आबांनी मेंढरं विकली. शेवटच्या कातरणीची लोकर मात्र विकली नाही. सणगराकडं देऊन तिची एक घोंगडी विणून घेतली. काळी, टोचणारी, चिंचोक्याच्या खळीनं ताठ झालेली. आबा रोज तिच्यावरच निजत. त्या दिवशी त्यांनी ती घडी करून तात्यांच्या मांडीवर ठेवली.

"तिकडं थंडी लय. घिऊन जा. पर माघारी आन. आता अशी दुसरी व्हायाची न्हाय."

हॉलंडमध्ये आम्ही बेल्जियमच्या सीमेजवळच्या एका लहान गावात राहिलो. यंत्र शिकवणाऱ्यांनी आम्हाला जाड कोट दिले होते. मी कोट घातला की आरशात दोनदा बघायचो. तात्याही कोट घालत, पण त्याच्यावर खांद्याला घोंगडी असेच. कारखान्यातली गोरी माणसं हसून हात करत. ती कशाला हसतात, हे मला तेव्हा नक्की कळायचं नाही आणि मला लाज वाटायची. हे आज लिहितानाही बरं वाटत नाही, पण खरं आहे.

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही आगगाडीनं अँटवर्पला जायचं ठरवलं. ते बेल्जियमचं मोठं शहर, आमच्या गावाहून जेमतेम तासाभरावर. दुसरा देश इतका जवळ असतो, यावर तात्यांचा विश्वास बसेना. बारामतीहून इंदापूरला यष्टीनं जायला लागतो तेवढ्याच वेळात आपण देश ओलांडणार, असं मी सांगितल्यावर त्यांनी विचारलं, मग मधे भवानीनगर कुठं लागतं? सकाळी खोलीतून निघताना मी त्यांना म्हणालो की आज घोंगडी राहू दे, शहर आहे. ते म्हणाले, शहरात थंडी नसते का?

गाडी शांत, गरम आणि स्वच्छ होती. बाहेर सपाट रानं, त्यांच्यावर पांढरं दंव, मधेच पाण्याचे सरळ चर. तात्या काचेला नाक लावून बसले होते. सीमा कधी गेली ते दोघांनाही कळलं नाही. तिकीट तपासणारे बदलले, तेव्हा मी म्हणालो, तात्या, बेल्जियम आलं. त्यांनी रानाकडं बघितलं आणि माती तीच आहे म्हणाले.

अँटवर्पचं स्टेशन बघून मात्र दोघंही जागीच थबकलो. वर मोठा घुमट, संगमरवरी जिने, सोनेरी काट्यांचं घड्याळ. तात्यांची नजर आधी खाली गेली. लोक पायातलं काढून आत जातात का, ते बघत होते. सगळे बूट घालूनच चाललेत म्हटल्यावर तेही निघाले, पण टोपी जरा सारखी करून.

दिवसभर पायी हिंडलो. कागदाच्या कोनातले गरम बटाटे खाल्ले. त्यावरचं पांढरं आंबट-तेलकट तात्यांनी बोटानं बाजूला केलं आणि खिशातल्या पुडीतली चटणी भुरभुरली. नदीकाठी वारा असा होता की डोळ्यांतून पाणी येत होतं. मी कोटाची कॉलर वर करून कुडकुडत होतो. तात्यांनी घोंगडीची खोळ करून डोक्यावरून घेतली आणि मजेत उभे राहिले. मला म्हणाले, ये आत, ग्रॅज्युएट. मी गेलो नाही.

मोठ्या देवळासमोरच्या चौकात नाताळचा बाजार भरला होता. एका बाजूला फळ्यांचं कुंपण करून येशूच्या जन्माचा देखावा केला होता आणि त्यात गवतावर चार जिवंत मेंढरं होती. तात्या थांबले ते थांबलेच. मग त्यांनी जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. कधी प्रकल्पात ऐकला नव्हता असा. चारही मेंढरांनी माना वर केल्या आणि कुंपणापाशी येऊन घोंगडी हुंगायला लागली. लोक जमले. मेंढरांची राखण करणारा लाल गालांचा एक शेतकरी होता, तो पुढं आला. तात्यांनी एका मेंढीचा पाय उचलून त्याला खूर दाखवला आणि मला म्हणाले, सांग त्याला, खूर वाढलाय, कापाया झालाय. मी इंग्रजीत सांगितलं. त्यानं वाकून पाहिलं, मान डोलावली आणि तात्यांचा हात हातात घेतला. मग घोंगडीची कड दोन बोटांत धरून किती तरी वेळ चाचपत राहिला. दोघांपैकी एकालाही माझी गरज उरली नव्हती.

यातून मी काही शिकायला हवं होतं. पण शिकलो नाही, त्याची गोष्ट पुढं.

तिथं हिवाळ्यात चार वाजताच दिवेलागण होते. आम्ही स्टेशनवर परतलो तेव्हा आमची गाडी फलाटाला लागलेली होती, सुटायला वीस मिनिटं होती. कॅमेऱ्याच्या रोलात एकच फोटो उरला होता. तो मला त्या घुमटाखालच्या जिन्यावर दोघांचा काढायचा होता. घरी लावायचा, कॉलेजातल्या सरांना दाखवायचा. आणि त्या फोटोत मला घोंगडी नको होती.

तेव्हा मी तात्यांना म्हणालो, "रविवारची गर्दी आहे. घोंगडी टाकून जागा धरून ठेवू, आणि पटकन फोटो काढून येऊ."

इंदापूरच्या स्टँडवर वाढलेल्या माणसाला यात गैर काही वाटणार नाही. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली. मग खाली उतरून चहा प्या, ओळखीच्यांना भेटा. ड्रायव्हरचाही चहा व्हायचा असतो. तात्यांनी घोंगडी समोरासमोरच्या दोन बाकांवर नीट पसरली आणि आम्ही निघालो.

जिन्यावर माणसांची ये-जा थांबेना. एका गृहस्थाला कॅमेरा दिला, तो आम्हाला डावीकडं सरका, उजवीकडं सरका करत राहिला. फोटो झाला. परत फलाटावर आलो तर गाडीच्या शेवटच्या डब्याचा लाल दिवा लांब जाताना दिसला. शिट्टी झाली असेल, आम्हाला ऐकू आली नव्हती.

तात्या ओरडले नाहीत की धावले नाहीत. त्यांचा हात उगीच खांद्याकडं गेला आणि तिथंच राहिला.

"आबाला काय सांगू?" एवढंच म्हणाले.

मी त्यांना घेऊन स्टेशनच्या कचेरीत गेलो. पांढऱ्या मिशांचा एक कारकून होता. त्यानं एक छापील कागद पुढं ओढून विचारायला सुरुवात केली. रंग? काळा. माप? मी हात पसरून दाखवलं. कोणत्या कंपनीचं? मी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी विचारलं, काय म्हनतोय? मी सांगितलं.

"म्हनावं, आमच्या मेंढरांची हाय. ती मेंढरं आता न्हायती."

मी जसंच्या तसं इंग्रजी केलं. शाळेत शिकलेलं सगळं इंग्रजी त्या दोन वाक्यांसाठीच होतं, असं मला वाटलं. कारकुनानं पेन खाली ठेवलं आणि फोन उचलला. बराच वेळ बोलून म्हणाला की ती गाडी तुमच्याच गावाला जाऊन थांबते आणि लगेच उलटी फिरते. तिथल्या कचेरीला सांगून ठेवलंय. तुम्ही पुढच्या गाडीनं जा. मिळेलच, असं तो म्हणाला नाही.

पुढच्या गाडीत आम्ही शेजारी बसलो. बाहेर काळोख होता. मधे एका ठिकाणी समोरून उजेडाच्या खिडक्यांची एक गाडी सणकन गेली आणि तात्या अर्धे उठले. तीच गाडी उलटी निघाली असणार. घोंगडी तिच्यात असेल तर पुन्हा अँटवर्पला चालली होती. तेव्हा माझ्याच्यानं राहवेना. मी त्यांना सांगितलं की जागेसाठी नव्हे, फोटोत दिसू नये म्हणून मी ती ठेवायला लावली.

"ठावं हाय मला," तात्या म्हणाले. "सकाळच्यान तुझं त्वांड सांगत हुतं." आणि काचेकडं बघत, "माजं बी लग्नाच्या फोटूत असंच झालं हुतं. आबाला म्हनलं हुतं, घोंगडी बाजूला ठिवा."

आमच्या गावाला उतरलो. स्टेशनच्या कचेरीत दिवा होता. आतल्या तरुण माणसानं आम्हाला पाहून नावसुद्धा विचारलं नाही. टेबलाखालून घडी केलेली घोंगडी काढून पुढं ठेवली. तात्यांनी ती आधी नाकाला लावली, मग खांद्यावर टाकली.

त्या माणसाला आणखी काही सांगायचं होतं. गाडीतल्या तिकीट तपासणाऱ्या बाईनं निरोप ठेवला होता. तो हळूहळू, शब्द शोधत इंग्रजीत सांगत होता. गाडी गच्च भरली होती, बाजाराहून परतणारे लोक पिशव्या घेऊन उभे होते. पण हे कापड इतकं नीट पसरलेलं होतं की कुणीतरी परत येणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यामुळं त्या जागांवर शेवटपर्यंत कुणी बसलं नाही. मी तात्यांना मराठीत सांगितलं. ते इतके हसले की त्यांना टेबल धरावं लागलं, आणि तो माणूसही हसायला लागला. खोलीपर्यंत जाताना वारा सुटला होता. तात्यांनी खोळ केली आणि या वेळी न विचारता मी आत शिरलो. खूप टोचत होती आणि खूप ऊब होती.

फोटो बारामतीच्या स्टुडिओत धुऊन आला. मोठा घुमट, संगमरवरी जिना, माझा कोट, सगळं छान आलं होतं. फक्त तात्यांचा उजवा हात खांद्याजवळ वाकलेला होता, तिथं काहीतरी धरल्यासारखा.

आम्ही तो आबांना दाखवायला कळसला गेलो. ते घोंगडीवर बसले होते. फोटो लांब धरून, जवळ धरून त्यांनी पाहिला. घुमटाबद्दल काही विचारलं नाही.

"घोंगडी कुटं हाय ह्यात?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तात्या म्हणाले, "जागा धराया टाकली हुती गाडीत."

"मग? बसलं का कोन तिच्यावर?"

"न्हाय बसलं. उबी ऱ्हायली मानसं."

आबांनी फोटो माझ्या हातात दिला आणि मान हलवली.

"मंग गाव बरं हाय म्हनायचं."