घाटा एकटीचा नसतो

मी घर सोडलं त्या सकाळी आई मला स्टँडवर सोडायला आली नाही. भांडण नव्हतं, रडारड नव्हती. चुलीवर घाटा होता, एवढंच.

खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते, बाकीच्यांनी तोंडाला सुटलेलं पाणी गिळून पुढे यावं. उन्हाळ्यात आमच्या अमळनेरला गल्लीतल्या बायका मिळून ज्वारीचे बिबडे करतात. भिजवून भरडलेली ज्वारी तीळ, लसूण, मिरची घालून मोठ्या पातेल्यात रटरट शिजवायची, तो घाटा. गरम असतानाच ओल्या कापडावर थापून उन्हात वाळवला की बिबडे. पण शिजत असताना त्यात लाकडी दांडा फिरता लागतो. दांडा थांबला की बुडाला लागतं, आणि एकदा लागलं की वर्षभर घर जळक्या वासाचे बिबडे खातं.

तर नाना, म्हणजे माझे वडील, सायकलच्या कॅरियरला माझी बॅग बांधत होते आणि आई अंगणात दांडा फिरवत होती. धुळ्याला एमएसडब्ल्यू करून मला पुण्यात एका संघटनेत काम लागलं होतं. शेजारच्या रशिदाचाचीने थापायचं कापड खाली टाकलं आणि आईला कोपराने ढकललं.

"सरक. लडकी जा रही, तू क्या घाटे में मुंडी डालके खडी है?"

आई सरकली. कोपरापर्यंत हात माखलेले. तिने डब्यात गरम घाटा भरला, वर कच्चं तेल ओतलं, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तठे जाईसन बठी ऱ्हाऊ नको."

तिथे जाऊन बसून राहू नकोस. आशीर्वाद म्हणा, आदेश म्हणा. धुळ्यापर्यंत मी तो घाटा खाल्ला आणि पुढची काही वर्षं ते वाक्य.

आमच्याकडे बाईला बसलेलं बघवत नाही, हे मी सरळ लिहिते. तुम्ही जे तिकडे राहिलात ते रागवाल, रागवा. पुरुष पारावर बसला तर तो विचार करतो. बाई ओट्यावर बसली तर "काय व, काम नही का?" माझी आई आजारातसुद्धा तांदूळ निवडत पडायची. मी हे पत्रकात लिहिलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. पण पत्रकं मी दुसऱ्यांसाठी लिहायचे. स्वतःच्या पाठीवर तो चाबूक मी पुण्याला बरोबर घेऊन गेले होते.

संघटनेचं काम होतं घरकामगार बायकांचं. पुण्याच्या मोठमोठ्या सोसायट्यांत धुणं, भांडी, फरशी, स्वयंपाक करणाऱ्या बाया, त्यातल्या कित्येक आपल्याच खानदेशातल्या. मागणी एकच: आठवड्याला एक भरपगारी सुट्टी. पत्रकं मी लिहायचे. "विश्रांती ही मेहरबानी नाही, हक्क आहे!" हे वाक्य माझंच. ते मी रविवारी लिहिलं, रविवारी छापून आणलं आणि रविवारीच गेटवर उभं राहून वाटलं. हसू येतंय ना? मला तेव्हा आलं नव्हतं.

हसली ती मंगलाताई. धरणगावकडची, पाच घरची कामं करणारी, आमच्या गटातली सगळ्यात फटकळ बाई. मी एका सुट्टीच्या दिवशी सकाळीच तिला फोन केला तर म्हणाली, "ताई, तू आमले सुट्टी मांगस आनि सोता सुट्टीना दिनले माले उठाडस. पहिलं तुनाच इरुद्ध मोर्चा काढना पडी."

मी हसण्यावारी नेलं. चळवळीत थकायचं नसतं अशी माझी समजूत होती. थकतात ते नोकरीवाले, शिफ्टवाले, टार्गेटवाले. आपण तर ध्येयाने चालतो! माझ्या खोलीत गॅसवर चहाशिवाय काही चढत नव्हतं. जेवण म्हणजे वडापाव, झोप म्हणजे खुर्चीत. घरून फोन आला की आई विचारायची, "काय करी राहिनी?" आणि मी अभिमानाने कामांची यादी वाचायचे. ती खूश व्हायची. म्हणायची, "हां. बठी ऱ्हाऊ नको."

त्याच सुमाराला एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एक कार्यक्रम झाला. विषय, स्वतःची एनर्जी कशी सांभाळावी. एक गोड आवाजाचे कोच आले होते. म्हणाले, तुमची ऊर्जा तुमच्याच हातात आहे. नाही म्हणायला शिका, दुपारी थोडं डोळे मिटा, आठवड्यातला एक दिवस स्वतःला द्या. समोरच्या बायकांनी माना डोलावल्या. मागच्या दाराशी आमची एक बाई ओली फरशी पुसत थांबली होती, पाहुणे उठले की खुर्च्यांखालचं पुसायला. मी तिथे सोसायटीच्या सेक्रेटरींना निवेदन द्यायला गेले होते. माझं डोकं फिरलं. एक दिवस स्वतःला द्या म्हणणं सोपं आहे हो, पण तो दिवस तुम्हाला मिळावा म्हणून तुमची भांडी कोण घासतंय? हिने नाही म्हटलं तर उद्या हिच्या जागी दुसरी. त्या रात्री मी तावातावाने पत्रक लिहिलं. आजही त्यातला शब्द मागे घेणार नाही.

फक्त एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती. कोच अर्धं बरोबर बोलत होते. आणि त्या अर्ध्यात मी होते.

मग एका गेटसभेत मी मेगाफोन तोंडाशी धरला आणि काहीच आठवेना. मागण्या तोंडपाठ होत्या, मीच लिहिलेल्या. बाया बघतायत, वॉचमन बघतोय, माझ्या तोंडातून नुसता श्वास येतोय आणि मेगाफोन तो श्वास मोठ्याने ऐकवतोय. मंगलाताईने मेगाफोन काढून घेतला आणि मला रिक्षात घातलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. म्हणाले, औषध देण्यासारखं काही नाही, घरी जा, झोपा. मला शिवी दिल्यासारखं वाटलं. याच्यापेक्षा टायफॉइड परवडला असता.

घरी गेले. गावाला जाऊन बरं वाटलं, हवा बदलली, आईच्या हातचं खाल्लं, असं काही मी लिहिणार नाही. बेचाळीस-त्रेचाळीसच्या उन्हात अमळनेरला कोणाला बरं वाटतं? पत्रे तापलेले, पंखा गरम हवा खाली ढकलतोय. शेजारणी खिडकीतून विचारायच्या, "पोरगी आयी ऱ्हायनी, नोकरी सुटनी का?" मी आडवी पडले की आई अस्वस्थ व्हायची. माझ्या उशाशी येऊन उगाच डबे पुसायची. आणि माझा फोन वाजत राहायचा. ज्या सोसायटीचं गेट आम्ही वर्षभर झिजवलं होतं, तिच्या कमिटीने शेवटी बैठक दिली होती. येत्या रविवारी. मी तारीख पुढे ढकला म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले, रविवारी या, नाहीतर विषय दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर म्हणजे कधीच नाही, हे कोणालाही कळतं. मी शनिवारच्या गाडीचं तिकीट काढलं. उभं राहिलं की अंधारी यायची, तरी काढलं. मी नाही गेले तर बोलणार कोण?

शनिवारी सकाळी आमच्या घरचे बिबडे होते. गाडी संध्याकाळची. आईचा खांदा दुखत होता, म्हणून मी दांडा घेतला. घाटा पातळ असतो तोवर मजा वाटते. घट्ट व्हायला लागला की तो दांडा धरून ठेवतो, चिखलात चाक रुतावं तसा. हात भरून आले. चाची शेजारी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "राहू दे चाची, होतंय मला." ती तशीच उभी. मी आणखी जोर लावला. बुडाशी दांडा अडखळला आणि किंचित वास आला. चाचीने कोपर मारलं, चांगलं बरगडीत.

"सरक बेटी! अकेली तेरा घाटा है क्या ये? लग जाएगा ना नीचे!"

दांडा तिच्या हातात गेला. फेरा तुटला नाही. थोड्या वेळाने समोरची अक्का येऊन उभी राहिली आणि चाची सरकली. मग दुसरी कोणी. कोणी कोणाला "थकलीस का?" विचारत नव्हतं. थकायच्या आधीच पुढची बाई येऊन उभी राहायची, आणि सरकलेली बाई थापायला बसायची. बसायची! माझी आईसुद्धा बसली होती, पाय पसरून, तोंडात घाट्याचा गोळा, कोणाच्या तरी सासूवरून हसत. लहानपणापासून मी हे दर उन्हाळ्यात पाहत आले होते. बायकांनी एकमेकींना बसू दिलेलं मी आमच्या गल्लीत फक्त याच एका कामात पाहिलंय, आणि कारणही साधं होतं. हट्टाने एकीने धरून ठेवलं तर सगळ्यांचं जळतं.

मी भिंतीला टेकून मंगलाताईला फोन लावला.

"ताई, उद्या बैठकीत तुम्ही बोला."

"मी? माले तुनामायक बोलता येत नही."

"माझ्यासारखं नकोच."

"आनि चुकनं तं?"

"चुकू द्या. मी येत नाहीये."

तिने आधी शेजारच्यांना ओरडून टीव्ही बारीक करायला लावला. मग म्हणाली, "बरं, ऱ्हाय तठेच. पन मंग उद्या दर घडीले फोन करू नको."

रविवारी मी फोन केला नाही. किती अवघड गेलं ते सांगत नाही. संध्याकाळी तिचाच आला. कमिटीतल्या एक बाई म्हणाल्या होत्या, सुट्टी दिली तर आमचं घर कसं चालायचं? त्यावर मंगलाताई म्हणाली होती, "मॅडम, तुमच्या मिक्सरलेबी कंपनी सांगस, सारखा चालवू नका, मधीमधी बंद ठेवा. आमले कोनी सांगाव?" म्हणे एक म्हातारे गृहस्थ हसले, आणि तिथून बोलणं सरळ झालं. महिन्याला दोन भरपगारी सुट्ट्या मान्य झाल्या.

दोन. आम्ही चार मागितल्या होत्या. मी असते तर चारच्या खाली आले नसते, आणि मग बहुधा एकही मिळाली नसती. तरी दोन हा अन्यायच आहे, पुढचं पत्रक त्यावरच आहे. फक्त ते मी लिहीत नाहीये. आता आमच्याकडे दर महिन्याला बोलणारी बदलते, लिहिणारी बदलते. पत्रकांत चुका होतात. होऊ द्या. मी जेवते, दुपारी पडते, रविवारी फोन कपाटात ठेवते. संघटनेतले काही जण म्हणतात, हिची धार गेली. त्यांना मी सांगते, धार आहे, हात बदललाय.

तुम्ही जे माझ्यासारखे बाहेर पडलात, पुण्याला, सुरतेला, दुबईला, तुम्हाला कोणी तरी एनर्जी सांभाळायचे उपाय विकेलच. घ्या हवे तर. पण आधी शेजारी बघा, तुम्ही सरकलात तर दांडा धरायला कोणी उभं आहे का. नसेल तर आधी ते माणूस जमवा. एकट्याने घेतलेली विश्रांती रजेच्या अर्जासारखी असते, कोणीही नामंजूर करतं. आणि तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला एवढंच म्हणते: बिबड्यांच्या दिवशी जे करता ते बाकीच्या दिवशी का नाही? माझ्या आईच्या खांद्याला कोणता रविवार आहे?

घर म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं की पूर्वी मी अमळनेर म्हणायचे. आता मला वाटतं, जिथे न सांगता कोणी कोपर मारून "सरक" म्हणतं, ते घर. पुण्यात तसं एक होऊ लागलंय. अमळनेरचं अजून पुरतं व्हायचंय.

गेल्या रविवारी फोन कपाटात ठेवायच्या आधी आईचा आला.

"काय करी राहिनी?"

"बठेल शे," मी म्हटलं.

मला वाटलं, आता येणार वाक्य.

"बठ मंग," आई म्हणाली. आणि कोणी ऐकू नये अशा आवाजात, "नानांनी चहा टाकेल शे. मीबी बठेल शे."