दरीपलीकडचं लुगडं

जवळ ये गो पोरी. सुनेच्या हातून कागदावर लिहून घेतेय म्हणून लांबून वाचू नकोस, अशी मांडीला मांडी लावून बस. आणि आधी बोलणी खा. तुझी आजी, म्हणजे माझी सख्खी थोरली बहीण, दरीपलीकडे मुरबाडच्या बाजूला. मी इकडे शहापूरच्या बाजूला. तू वाशिंदला नोकरीवाली. आणि विचारतेस काय, तर "आजी, तुमच्या पाड्यावर नेट कसं आलं ते दोन ओळीत सांग." दोन ओळीत? अगं, दोन ओळीत भातात पाणी किती घालायचं तेसुद्धा सांगून होत नाही!

तर ऐक. आम्ही दोघी बहिणी लग्न होऊन दरीच्या दोन काठांना पडलो. बघायला गेलं तर समोरासमोर. जायला गेलं तर आधी शहापूर, मग मुरबाडची एसटी, मग जीप, मग चढण. सकाळी निघालेलं माणूस दिवेलागणीला पोचतं. म्हणून आमच्या आईनेच सांगून ठेवलेलं, रोज सकाळी दोरीवर लाल लुगडं टाका. दिसलं की समजायचं, बहीण बरी आहे. एकदा दोन दिवस तुझ्या आजीचं लुगडं दिसलं नाही. मी घाबरून दरी उतरले, नदी ओलांडली, धापा टाकत वर चढले, तर ही बाई ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलतेय. म्हणते, "दोरी तुटली गो. आलीस तर बस, अर्ध्या तू सोल."

अशी वर्षं गेली. मग ती संस्थेची माणसं आली. डोंगरातल्या पाड्यांना घरोघर बिनतारी नेट द्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्यात एक मॅडम होती, समजावून सांगायला चांगली. म्हणाली, मुरबाडच्या बाजूला तारेतून नेट आलंय. तुझ्या आजीच्या पाड्यावर एक खांब, आमच्याकडे एक खांब, दोन्हींवर एकेक डिश. डिशी एकमेकींना दिसल्या पाहिजेत. मधे झाड नको, डोंगर नको. दिसल्या, की नेट दरीवरून उडी मारून येणार आणि इथून सगळ्या घरांत जाणार.

त्यांनी शाळेच्या मैदानातून बघितलं, लॅपटॉपवर नकाशा काढला, आणि मॅडमचं तोंड उतरलं. मधे डोंगराची सोंड येत होती. "खांब मग वरच्या पाड्याला न्यावा लागेल," म्हणाली. "तुमची वीस घरं नेटवाचून राहतील."

माझ्या सुनेचा चेहरा बघवेना. ती अंगणवाडीत. पोरांची वजनं, हजेरी, सगळं फोनवर भरायचं, आणि रेंज कुठे, तर पाण्याच्या टाकीमागच्या खडकावर. मागच्या पावसाळ्यात तिथेच घसरून तिने हात मोडून घेतला होता.

मी पदर खोचला. "शाळेतनं नाय दिसत. माझ्या खळ्यातनं दिसतं. सोंडेला तिथं खिंड हाय, तिच्यातनं माझ्या बहिणीचं घर रोज बघते मी."

"आजी, पण नकाशात तर..."

"नकाशाला बहीण हाय का?"

सगळे हसले, मॅडमही. मंगळवारी सकाळी माझ्या खळ्यातून बघायचं ठरलं. माझ्या शब्दावर! बाजाराला जाणाऱ्या बाईबरोबर तुझ्या आजीला निरोप धाडला: मंगळवारी लुगडं चुकवू नको, माझी परीक्षा आहे.

मंगळवारी अर्धा पाडा खळ्यात जमला. मॅडमने दुर्बीण आणली होती. मी ऐटीत खिंडीकडे बोट केलं, "ते बघा," आणि स्वतः बघितलं. पोरी, काय सांगू, मला खिंडच दिसेना! सगळं तांदळाच्या धुवणासारखं. डोळे चोळले, पदराने पुसले, तेच. तेव्हा उभ्या उभ्या उमगलं. मोतीबिंदू वाढल्यापासून मी रोज सकाळी नुसतं तिकडे तोंड करत होते, आणि दिसलं असं आपलं मनच म्हणत होतं.

"काय वैनी, दिसतंय ना?" मागून माझे धाकटे दीर.

"दिसतंय तर! तुमच्या टकलावरचे केस मोजून सांगू का?"

खोटं गो, साफ खोटं.

मॅडमने दुर्बीण लावली. "खिंड आहे आजी, बरोबर आहे तुमचं. पण पलीकडे नुसती झाडं. घर काही दिसत नाही."

सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "थांबा जरा. थोरली बाय माझी लहानपणापासनं आळशी. अजून न्हाली नसंल."

"म्हंजे आमच्या पाड्याचं नेट म्हातारीच्या आंघोळीवर अडलंय!" दीर म्हणाले, आणि खळ्यात हशा पिकला. मीही हसले.

चहा झाला. सून दुसऱ्यांदा आधण ठेवायला उठली, आणि मॅडम किंचाळली, "लाल! लाल काहीतरी हललं!" मग म्हणते, "पिवळं पण आहे. हिरवं. निळं. परत लाल. आजी, तुम्हाला बहिणी आहेत तरी किती?"

दुर्बीण हातोहात फिरली. पलीकडच्या पाड्याने कुंपणांवर, मांडवांवर, कौलांवर, जागा मिळेल तिथे लुगडी टाकली होती. जशी डोंगरावर जत्राच चढली! दीर नाचायला लागले, गुडघा दुखतो ते विसरून. मॅडमने लॅपटॉप सुनेच्या हातात कोंबला आणि मला मिठी मारली. मी म्हणतेय, "बघा, सांगितलं नव्हतं?" मला तर अजून काही दिसलं नव्हतं!

खांब माझ्या खळ्यात उभा राहिला. खड्डा पाड्याने खणला, सिमेंटची घमेली बायांनी वाहिली. पोरं झाडावरच्या माकडांसारखी खांबाभोवती. डिश जरा इकडे, जरा तिकडे, करत करत एकदाची जुळली, आणि माझ्या सुनेचा फोन चुलीपाशी वाजला. चुलीपाशी! तिने तिथेच बसून सगळी हजेरी भरली. तव्यावरची भाकरी करपली, आणि ही हसतेय.

मग पहिला व्हिडिओ कॉल तुझ्या आजीला. मी फोन पार नाकाला लावला.

"मला नुसता तुझा कान दिसतोय गो," मी म्हटलं.

"आनि मला तुझं नाक! दोन भोकं, बास."

"बाय, एवढी लुगडी कशाला टाकलीस? उशीर केलास तो केलास."

"घरोघर फिरून मागायला येळ नाय लागत? माझं एकटीचं त्यांना नाय दिसलं तर तुझी नाचक्की. मला काय, तीन वर्सं झाली, तुझ्या बाजूचं काय पन दिसत नाय."

"मग रोज टाकत होतीस ते?"

"तुला दिसत असंल म्हनून."

मी म्हटलं, "बाय, मला पन नाय दिसत."

तिकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं, गेलं नेट. आणि मग अशी फुटली गो ती हसायला! मी इकडे, ती तिकडे. माझी कवळी निसटली, तिला उचकी लागली. सून धावत आली, तिला वाटलं आम्ही रडतोय. दोन आंधळ्या म्हाताऱ्यांनी दोन तालुक्यांच्या मधला रस्ता दाखवला, सांग कुणाला तरी!

आता आम्ही रोज बोलतो. तिचं नाक मला पाठ झालंय. पण काल ती म्हणाली, "तुझा हात कसा झालाय गो, धरून बघायला पायजे." सून म्हणते, दोघींच्या डोळ्यांचं ऑपरेशन करून घेऊ. घेऊ की. पण तुझ्या आजीला एकटीला एसटीत कुणी बसवत नाही, आणि मला कुणी उतारावर सोडत नाही. तू आहेस ना हिंडती-फिरती? सुट्टी काढ. मुरबाडला जा, आजीला हाताला धर आणि इकडे घेऊन ये. फाट्यावर माझे दीर काठी घेऊन उभे राहतील. कोंबडा राखून ठेवलाय. तो आमच्यासारखा म्हातारा व्हायच्या आत या गो दोघी.