आज कोणासाठी?

सोनचाफ्याचा पहिला गंध खिडकीतून आत येतो तेव्हा पुरते उजाडलेलेही नसते. ओल्या मातीचा, केळीच्या पानांचा आणि त्या पिवळ्या कळ्यांचा संमिश्र, अलवार दरवळ! वसईच्या या वाडीत माझा जन्म गेला. हा गंध एके काळी मला मोहवीत असे. आता तो आला की मी कूस बदलतो. कारण याच खिडकीशी पलंगावर सेलीन पडून असायची.

सेलीन माझी पत्नी. हाडांत शिरलेल्या कर्करोगाने तिला त्या पलंगाला खिळवून ठेवले होते. पहाटे चर्चची घंटा झाली की डोळे न उघडताच ती मला विचारायची, "आज कोणासाठी?" आपली वेदना प्रभूच्या क्रूसाशी जोडून दुसऱ्या कुणासाठी तरी अर्पण करावी, ही आम्हा ख्रिस्ती माणसांची जुनी श्रद्धा. मग मी एखादे नाव सांगायचो. कुणाची परीक्षा असे, कुणाचे बाळंतपण. ती दिवसभर त्या नावाने कळा सोसायची.

हळूहळू ही गोष्ट आळीभर झाली. लोक खिडकीशी येऊन हलक्या आवाजात नावे सांगू लागले. आमच्याकडे फुले खुडायला येणारी, खाडीकडची हिराबायसुद्धा गज धरून म्हणे, "बाय, माझ्या नातवाचा ताप उतरू दे गो." माझा मात्र जळफळाट होई. जो देव तिची कळ थांबवीत नाही, त्याला तीच कळ भेट म्हणून कशाला हवी? हा कुठला न्याय? भिंतीवरच्या क्रूसाकडे पाहून मी मनात काय काय बोललो, ते त्यालाच ठाऊक. एकदा तर तिच्यावरच चिडलो. ती हसली. म्हणाली, "दुखणं तर आहेच. मग वाया कशाला घालवू?" बागायतदाराची लेक ती! केळीचे पान, केळफूल तर सोडाच, खोडाच्या सालीचा सोप वाळवून त्याच्या दोऱ्यांनी ती चाफ्याच्या पुड्या बांधायची. काही टाकून द्यायचे हे तिला माहीतच नव्हते.

वेदनेला खरेच अर्थ असतो का? मला अजून कळलेले नाही. एवढेच पाहिले की, ज्या दिवशी कुणाचे नाव असे त्या दिवशी तिला धीर असे. बिननावाचा दिवस तिला फार जड जाई.

शेवटच्या पहाटे घंटा झाली, पण तिने विचारलेच नाही. मी वाट पाहत राहिलो. मग ती पुटपुटली, "आज तुझ्यासाठी." मला काय धाड भरलीय, मी म्हणालो. "तू मागे राहणार ना," ती म्हणाली. दुपारी ती गेली.

त्यानंतर मी ती खिडकी लावून घेतली. गंध काय, फटीतूनही यायचा तो आलाच. आज पहाटे घंटेपाठोपाठ कुणीतरी खिडकी वाजवली. उघडली तर हिराबाय. नातू पुन्हा इस्पितळात, असे सवयीने पलंगाकडे पाहत ती बोलू लागली, आणि रिकामी गादी दिसताच मध्येच थांबली. तोंडाला पदर लावून ती वळली. उघड्या खिडकीतून चाफा घरभर झाला, आणि सेलीन नसल्याचे ते रोजचे दुखणे माझ्या छातीत उठले. किती दुखते म्हणून सांगू!

मी हाक मारली, "हिराबाय, थांब. नातवाचं नाव सांग."